देवांना चेहरा देणारा छापखाना

लक्ष्मी कशी दिसते, असा प्रश्न आज कोणाला पडत नाही. पाण्यातल्या कमळावर ती उभी असते. तिला चार हात, वरच्या दोन हातांत कमळे, अंगावर जरीकाठाची साडी आणि बाजूला सोंडेत माळ घेतलेला हत्ती. सरस्वती म्हटली की शुभ्र वस्त्र, खडकावरची बैठक, हातात वीणा आणि जवळ मोर. किराणा दुकानातल्या कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात, रिक्षाच्या काचेवर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर दिवाळीला येणाऱ्या शुभेच्छांत याच दोघी थोड्याफार फरकाने भेटत राहतात. त्या अनादी काळापासून अशाच दिसत आल्या असाव्यात, असे आपण न बोलता गृहीत धरलेले असते.

वस्तुस्थिती तशी नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या मराठी घरात लक्ष्मी होती. पण ती देवघरातल्या चांदीच्या टाकावर होती, कलशात होती, लक्ष्मीपूजनाच्या रात्री मांडलेल्या नाण्यांत आणि हळदकुंकू वाहिलेल्या नव्या केरसुणीत होती. कोल्हापूरच्या अंबाबाईचे रूप निराळे, गावच्या देवीचा तांदळा निराळा. प्रत्येक प्रांताची, प्रत्येक जातीची, कधी कधी प्रत्येक घराची देवता आपापल्या रूपात नांदत होती. या सगळ्या रूपांवर एकच चेहरा चढला तो एका माणसामुळे आणि त्याने मुंबईत आणलेल्या यंत्रामुळे. तो माणूस म्हणजे राजा रविवर्मा.

मराठी वाचकाला रविवर्मा प्रामुख्याने माहीत आहेत ते रणजित देसाईंच्या कादंबरीमुळे, आणि त्याच कादंबरीवर केतन मेहता यांनी केलेल्या व २०१४ साली आपल्याकडे प्रदर्शित झालेल्या ‘रंगरसिया’ या चित्रपटामुळे. दोन्हींतून मनात ठसतो तो सौंदर्यासक्त, मनस्वी चित्रकार. छापखाना काढून त्यात हात पोळून घेणारा रविवर्मा त्यामानाने मागे राहतो. पण आपल्या घरांच्या भिंती बदलल्या त्या या दुसऱ्या रविवर्मांमुळे.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. हे घराणे त्रावणकोरच्या राजघराण्याशी सोयरिकीने बांधलेले होते. मामा राजराज वर्मा स्वतः चित्रे काढीत. भाच्याचा हात त्यांनी ओळखला आणि चौदा वर्षांच्या रविवर्मांना १८६२ साली तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारात नेले. महाराजांनी मुलाला आश्रय दिला, राजवाड्यातील चित्रे आणि ग्रंथ खुले केले. चार वर्षांनी मावेलिक्कराच्या राजघराण्यातील भागीरथीशी त्यांचा विवाह झाला.

आश्रय मिळाला तरी विद्या मिळणे अवघड होते. तैलरंग ही त्या काळी दक्षिणेत नवी, परदेशातून आलेली गोष्ट होती. ज्याला ती अवगत, तो ती मुठीत धरून बसे. दरबारातील चित्रकार रामस्वामी नायकर यांनी जलरंगांपुढचे काही शिकवण्याचे नाकारले. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार राजघराण्यातील व्यक्तिचित्रे रंगवण्यासाठी आला. त्यानेही धडे दिले नाहीत. मोठ्या मिनतवारीने, काम चालू असताना समोर बसून पाहण्याची परवानगी तेवढी दिली. रविवर्मा पाहत राहिले. रंग किती पातळ करायचा, ओल्या रंगावर दुसरा रंग केव्हा चढवायचा, त्वचेखालचे रक्त कसे भासवायचे, हे सारे त्यांनी नजरेने उचलले आणि मग स्वतः चुकत-सुधारत पक्के केले. ज्या माणसाला रंग कालवण्याची रीतसुद्धा चोरून शिकावी लागली, त्यानेच पुढे आपली चित्रे हजारोंच्या हाती जातील अशी व्यवस्था उभी केली.

यशाला वेळ लागला नाही. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात केसांत गजरा माळणाऱ्या नायर स्त्रीच्या चित्राला सुवर्णपदक मिळाले. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या प्रदर्शनातही ते गौरवले गेले. १८७६ साली दुष्यंताला पत्र लिहिणारी शकुंतला रंगवली, ती मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी विकत घेतली आणि पुढे मोनियर विल्यम्स यांच्या ‘शाकुंतला’च्या इंग्रजी अनुवादाच्या मुखचित्राचा मान तिला मिळाला. योगायोग असा, की चारच वर्षांनी, १८८० साली, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी हीच शकुंतला गात्या रूपात मराठी रंगभूमीवर आणली. जुन्या कथेला नव्या माध्यमात उभे करण्याची ओढ त्या पिढीत सर्वत्रच दिसते.

रविवर्मांच्या आयुष्याला कलाटणी देणारा माणूस मात्र चित्रकार नव्हता. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी कुळातले मुत्सद्दी. आधी त्रावणकोरचे, मग इंदूरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण. त्रावणकोरात त्यांनी तरुण रविवर्मांचे काम पाहिलेले होते. त्यांच्याच दुव्यामुळे १८८१ साली सयाजीराव गायकवाडांना राज्याधिकार मिळाले त्या सुमारास रविवर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राजराज वर्मा बडोद्यास आले. याच माधवरावांनी पुढे पत्र लिहून एक व्यवहारी सूचना केली. देशभरातून चित्रांची मागणी येते, ती एका माणसाच्या दोन हातांनी पुरी होणे शक्य नाही. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांचे रंगीत छाप काढून घ्यावेत, असा तिचा आशय होता. ही सूचना रविवर्मांच्या मनात जवळजवळ दहा वर्षे मुरत राहिली.

दरम्यान १८८८ साली सयाजीरावांनी नव्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पुराणकथांवरील चौदा चित्रांचे काम सोपवले. दोघे भाऊ त्यासाठी उत्तर हिंदुस्थानभर हिंडले. त्यांना हवा होता दमयंतीचा, मेनकेचा, तारामतीचा पोशाख. म्हणजे सर्व प्रांतांतल्या लोकांना आपला वाटेल असा पोशाख. तसा तयार मिळणे शक्य नव्हते, कारण ठिकठिकाणचे नेसणे निराळे. मग रविवर्मांनी तो घडवला. त्यांच्या स्वतःच्या घरातल्या स्त्रिया पांढरे मुंडू नेसत. त्यांच्या देवी आणि नायिका मात्र साडीत आल्या, दख्खनच्या आणि रंगभूमीच्या वळणाची, काठपदराची, चुण्यांची साडी. आज साडी हा साऱ्या भारतीय स्त्रियांचा पोशाख म्हणून जगभर ओळखला जातो. त्या ओळखीला या चित्रांनी किती हातभार लावला, याचा हिशेब वस्त्रांच्या इतिहासकारांनी मांडायला हवा.

चौदा चित्रे पुरी होऊन बडोद्यास प्रदर्शित झाली, तेव्हा ती पाहायला लोकांची रीघ लागली. नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका, हरिश्चंद्र-तारामती यांच्या कथा लोकांनी कीर्तनांतून ऐकल्या होत्या, पोथ्यांतून वाचल्या होत्या. पण ही माणसे रक्तामांसाची, समोरच्या प्रकाशात उभी असलेली, डोळ्यांत पाणी आलेली अशी त्यांनी कधी पाहिली नव्हती. चित्रांची छायाचित्रे मोठ्या प्रमाणावर विकली गेली. मूळ चित्रे मात्र राजवाड्याच्या भिंतींवर गेली आणि राजवाड्याची दारे रोज उघडी नसतात. दारापाशी थबकलेली ही गर्दी आणि काळ्या-पांढऱ्या छायाचित्रांवर समाधान मानणारे गिऱ्हाईक पाहून माधवरावांची जुनी सूचना रविवर्मांना पुन्हा आठवली नसती तरच नवल.

१८९३ साली त्यांची दहा चित्रे शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात गेली आणि दोन पदके घेऊन आली. विवेकानंदांचे भाषण झाले ती सर्वधर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. रविवर्मा स्वतः गेले नाहीत. ते आयुष्यात कधीच परदेशी गेले नाहीत. समुद्र ओलांडणे तेव्हाच्या उच्चवर्णीयांत निषिद्ध मानले जाई. युरोपला जायचे नाही, पण युरोपची विद्या हवी, हा पेच त्यांनी आपल्या परीने सोडवला. यंत्रे, दगड आणि कारागीरच जर्मनीहून मुंबईला आणले. १८९४ साली गिरगावात, गोवर्धनदास खटाव मखनजी या व्यापाऱ्याच्या भागीदारीत, छापखाना सुरू झाला. पहिले छापलेले चित्र होते शकुंतलेच्या जन्माचे. पाठोपाठ लक्ष्मी आणि सरस्वती आल्या.

देवांची छापील चित्रे याआधी आपल्याकडे नव्हती असे समजण्याचे कारण नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली होती. तिची रामपंचायतनाची आणि पेशवाईतील पुरुषांची शिळाछापावरची चित्रे महाराष्ट्रात घरोघर पोचली होती. त्याच वर्षी कलकत्त्यात आर्ट स्टुडिओ निघाला. जर्मनीत छापलेली हिंदू देवदेवतांची चित्रेही बाजारात येत. चित्रशाळेचे श्रेय रविवर्मांच्या झगमगाटात अनेकदा पुसले जाते, म्हणून ते इथे नोंदवणे भाग आहे. रविवर्मांनी नवे आणले ते चित्राच्या प्रतीत. भिंतीवरचा छाप पाहून तैलचित्रच टांगले आहे असा भास व्हावा, ही त्यांची ईर्ष्या होती.

हा भास कसा साधत, हे पाहण्याजोगे आहे. शिळाछापाचे तत्त्व साधे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. बव्हेरियातल्या खाणींतून निघणाऱ्या, घोटून गुळगुळीत केलेल्या चुनखडीच्या लादीवर तेलकट शाईने चित्र काढायचे, लादी पाण्याने ओली करायची आणि वरून छपाईच्या शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या दगडाला शाई धरत नाही, तेलकट रेषेला धरते. अलॉइस झेनेफेल्डर या जर्मन माणसाने अठराव्या शतकाच्या अखेरीस ही युक्ती शोधली होती. रंगीत चित्राला मात्र एक लादी पुरत नाही. प्रत्येक रंगाला, कधी एकाच रंगाच्या प्रत्येक छटेला, वेगळी लादी. कारागीर मूळ तैलचित्र समोर ठेवून त्यातला पिवळा तेवढा वेगळा काढी, मग गुलाबी, मग तपकिरी, मग निळसर. तोही बारीक ठिपक्यांनी, कारण गालावरची छाया रेषेने उतरत नाही. लादीवर थेट काढलेले चित्र उलटे काढावे लागे, तेव्हा कुठे कागदावर ते सुलटे उमटे. एकच कागद दहा-पंधरा वेळा यंत्राखालून जाई आणि प्रत्येक खेपेला तो तंतोतंत त्याच जागी बसावा लागे. केसभर सरकला तर देवीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर यायचा. शेवटी कागदावर कॅनव्हासच्या विणीसारखा ठसा उठवून वर वार्निशचा हात द्यायचा. असा छाप म्हणजे ओलिओग्राफ.

या कामात रविवर्मांचा स्वतःचा हात फारसा नसे. मूळ चित्र त्यांचे. लादीवरची देवी कोणा अनामिक कारागिराची. तिच्या चेहऱ्यात आणि मूळ तैलचित्रातल्या चेहऱ्यात फरक पडे, छाप अधिक भडक आणि गुळगुळीत येई. आपण ज्याला रविवर्मांची लक्ष्मी म्हणतो, ती अशी अनेकांच्या हातून उतरलेली आहे. तिच्यासाठी समोर बसलेल्या स्त्रियांबद्दलही पुष्कळ आख्यायिका आहेत. भेंडीबाजार घराण्याच्या विख्यात गायिका, मूळच्या गोव्याच्या अंजनीबाई मालपेकर यांचे नाव रविवर्मांच्या चित्रांच्या संदर्भात आवर्जून घेतले जाते. ज्या कलावंत स्त्रियांना प्रतिष्ठितांच्या घरात मानाने बोलावणे येत नव्हते, त्यांच्यापैकी कोणाचे रूप देवी होऊन त्याच घरांच्या देवघरात जाऊन बसले असेल, तर यात एक विलक्षण न्याय आहे असे म्हणावे लागेल.

छाप लोकांनी उचलून धरले. काहींच्या तळाशी मुंबईच्या मोतीबाजारातील अनंत शिवाजी देसाई यांचे नाव आढळते. असे विक्रेते ते गावोगाव पोचवीत. वाड्याच्या दिवाणखान्यात, पेढीवर, न्हाव्याच्या दुकानात, खानावळीत चौकटी लागल्या. हौशी गृहिणींनी तर चित्र जसेच्या तसे लावण्यावर समाधान मानले नाही. चित्रातल्या साडीवर खरी जर आणि रेशीम डकवायचे, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी शिवायचे, मग काचेत मढवायचे, असा एक छंदच घरोघर जडला. यंत्रातून हजार प्रती एकसारख्या बाहेर पडल्या आणि सुईदोऱ्याने त्यांतली प्रत्येक पुन्हा निराळी झाली. ही जर चढवलेली चित्रे आज संग्राहक शोधत हिंडतात. पुढे साबणाच्या, औषधांच्या आणि कापडाच्या कंपन्यांनी जाहिरातींसाठी हीच चित्रे घेतली, आणि कॅलेंडर नावाची वस्तू भारतीय भिंतीवर कायमची आली.

लोकप्रियता अशी, आणि हिशेबाच्या वहीत मात्र खोट. रविवर्मांना व्यवहार जमला नाही, हे स्पष्ट आहे. दगड, शाई, कागद सारे परदेशाहून यायचे. कारागिरांचे पगार जबर. वर नकला करणारे टपलेलेच. त्यात सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला. माणसे शहर सोडून पळू लागली, त्यांत छापखान्याचे कामगारही होते. भागीदारी फार काळ टिकली नाही. छापखाना गिरगावातून घाटकोपर करीत १८९९ साली लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुणे-लोणावळा लोकलने जाणाऱ्यांना मळवली ठाऊक आहे ते कार्ले आणि भाजे येथील लेण्यांमुळे. दोन हजार वर्षांपूर्वी डोंगराचा दगड कोरून काढणाऱ्यांच्या शेजारी बव्हेरियाच्या दगडावर देव उमटवणारे येऊन वसले, याची दखल फारसे कोणी घेतलेली नाही.

कर्ज वाढत गेले. कर्जफेडीसाठी रविवर्मांना पुन्हा राजेरजवाड्यांची व्यक्तिचित्रे रंगवीत फिरावे लागले. राजराज वर्मांची रोजनिशी उपलब्ध आहे. तिच्यातून दिसतात ते रेल्वेने या संस्थानातून त्या संस्थानात जाणारे, कामे घेणारे, पैशांची वाट पाहणारे दोघे भाऊ. स्वतः उत्तम निसर्गचित्रकार असलेल्या या धाकट्या भावाने थोरल्याच्या कामात स्वतःला जवळजवळ विरघळवून टाकले. आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: व्यक्तिचित्रासाठी माणूस समोर बसायला तयार नसेल किंवा हयात नसेल, तर रविवर्मा छायाचित्रावरून काम करीत. कॅमेऱ्याने चित्रकाराचे पोट मारले अशी ओरड युरोपात चालू असताना इथे कॅमेरा चित्रकाराचा मदतनीस झाला होता.

अखेर विसाव्या शतकाच्या आरंभीच रविवर्मांनी छापखाना आणि आपल्या चित्रांच्या छपाईचे हक्क फ्रिट्झ श्लायखर या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकून टाकले. श्लायखर हिशेबी निघाला. नाव रविवर्मांचेच ठेवून त्याने धंदा चालवला आणि वाढवला. रविवर्मांशिवाय इतरांची चित्रेही छापली, आपले एम. व्ही. धुरंधर त्यांतलेच. त्यामुळे ‘रविवर्मा प्रेस’ अशी मोहोर असलेले प्रत्येक चित्र रविवर्मांचे नव्हे, हे जुन्या बाजारात चौकट हाती घेताना ध्यानात ठेवलेले बरे. ज्या उद्योगाने रविवर्मांना कर्जबाजारी केले, तो त्यांचा संबंध सुटल्यावर भरभराटीला आला.

या छापखान्याशी एक तरुण मराठी माणूस काही काळ जोडला गेला होता. जे. जे. स्कूल आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिकून, पुरातत्त्व खात्यात नोकरी करून बाहेर पडलेला हा तरुण लोणावळ्यात शिळाछापाची कामे करून देत असे. त्याचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे त्याने स्वतःचा छापखाना काढला, छपाईची नवी तंत्रे पाहण्यासाठी जर्मनी गाठली, भागीदारांशी न पटल्याने बाहेर पडला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन पडद्यावर आला. तो चित्रपट लागला गिरगावातल्याच कोरोनेशन सिनेमात, म्हणजे जिथे रविवर्मांचा छापखाना प्रथम सुरू झाला त्याच भागात. त्याच्या आरंभीच्या दृश्यातली राजा, राणी आणि राजपुत्राची मांडणी रविवर्मांच्या चित्राची आठवण करून देते, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. फाळक्यांचे देव पडद्यावर अवतरले तेव्हा प्रेक्षकांनी हात जोडले, कारण त्यांनी ते ओळखले. ती ओळख घरच्या भिंतीवर आधीच झालेली होती.

रविवर्मांनी हे पाहिले नाही. १९०४ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९०५ च्या जानेवारीत राजराज वर्मा गेले. भावाच्या मृत्यूने ते खचले, मधुमेहाने पोखरले. म्हैसूरच्या महाराजांचे काम कसेबसे पुरे करून ते किळिमानूरला परतले आणि २ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर कलाजगताने त्यांना फारसे बरे वागवले नाही. भगिनी निवेदितांना पालथी पडून पत्र लिहिणारी शकुंतला अशोभनीय वाटली. आनंद कुमारस्वामींना या चित्रांत भारतीयत्व दिसेना. अवनींद्रनाथ टागोरांच्या बंगाली संप्रदायाने तर रविवर्मांच्या नेमक्या उलट दिशेला जाणे हाच आपला मार्ग ठरवला. आक्षेप दोन होते. पहिला, तंत्र युरोपचे, नाट्य पारशी रंगभूमीचे. दुसरा, उघडपणे कमी बोलला गेलेला पण अधिक खोल असलेला: ही चित्रे फार स्वस्त आणि फार सर्वत्र झाली. बाजारात मिळणारी वस्तू ती कसली कला, असा तो सूर होता. १९९३ साली ए. रामचंद्रन आणि रूपिका चावला यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात रविवर्मांचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा कुठे या चित्रकाराचा नव्याने विचार सुरू झाला.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे, पण ते फार ताणण्यात अर्थ नाही. तैलरंग युरोपचे म्हणून चित्र परके ठरत असेल, तर मराठी संगीत नाटकाच्या साथीला वाजलेला ऑर्गनही परकाच होता. दुसऱ्या आक्षेपाचा विचार मात्र थोडा थांबून करायला हवा, कारण यंत्राने आपल्याकडून काही हिरावून घेतले आहे यात शंका नाही. पैठणी चित्रकथी, पिंगुळीच्या ठाकरांच्या पोथ्या, सावंतवाडीच्या गंजिफांवरचे दशावतार यांतले देव पाहावेत. त्यांची टोकदार नाके, मोठाले डोळे, सपाट रंग यांना रविवर्मांच्या देवांशेजारी उभे केले, की सामान्य प्रेक्षकाला ते अडाणी वाटू लागतात. ते तसे नाहीत. आपली नजर एका वळणाची झाली आहे. गोऱ्या, भरल्या अंगाच्या, सवर्ण घरातल्या स्त्रीसारख्या दिसणाऱ्या देवीपुढे शेंदराचा तांदळा आणि काळ्या पाषाणातली ग्रामदेवी मागे सरकली. देवाचे रूप एकदा छापून ठरले की त्याला दुसरे रूप देण्याची उमेदही ओसरते. आजच्या टीव्ही मालिकांतले आणि संगणकाने क्षणात चितारलेले देव पाहिले, तरी तीच साडी, तोच मुकुट, तोच नितळ चेहरा पुन्हा समोर येतो. यंत्र बदलले, साचा शिल्लक राहिला.

तरीही या छापांचा दुसरा हिशेब केल्यावाचून निकाल देता येत नाही. रविवर्मांच्या हयातीत त्रावणकोरातल्या देवळांत आणि देवळांभोवतालच्या रस्त्यांवरही असंख्य माणसांना मज्जाव होता. महाराष्ट्रात वेगळे नव्हते. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, आणि दार तरीही उघडले नाही. अशा समाजात बाजारात टांगलेले देवाचे चित्र ही साधी गोष्ट नव्हती. ते विकत घ्यायला पुजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. गाभाऱ्यातल्या देवाचे ओझरते दर्शनही ज्याला दुरापास्त, त्याला आपल्या झोपडीच्या भिंतीवर देवाकडे हवा तितका वेळ, नजरेला नजर देऊन पाहता येत होते. रविवर्मा समाजसुधारक नव्हते. राजघराण्याच्या रीतिरिवाजात वाढलेले ते गृहस्थ होते, आणि हा परिणाम त्यांनी योजला असेल असे मानण्यास आधार नाही. परिणाम मात्र झाला, आणि मला तरी तो त्यांच्या सर्व सुवर्णपदकांहून मोठा वाटतो. 

या गोष्टीचा पुढचा धागा रविवर्मांच्याच वंशात सापडतो. १९०० साली त्यांच्या दोन नाती, सेतू लक्ष्मीबाई आणि सेतू पार्वतीबाई, त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या. १९२४-२५ मध्ये वायकोमच्या देवळाभोवतालचे रस्ते सर्वांना खुले व्हावेत म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा राज्यकारभार पाहणाऱ्या महाराणी होत्या सेतू लक्ष्मीबाई. गांधीजी त्यांना जाऊन भेटले होते. आणि १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्रावणकोरची सरकारी देवळे सर्व हिंदूंना खुली करणारा जाहीरनामा ज्यांच्या सहीने निघाला, ते महाराज चित्तिरा तिरुनाळ हे सेतू पार्वतीबाईंचे पुत्र, म्हणजे रविवर्मांचे पणतू.

मळवलीचा छापखाना त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिला. तोवर ऑफसेट आले होते, शिवकाशीच्या छापखान्यांतून कॅलेंडरे येऊ लागली होती आणि दगडी लाद्यांची गरज संपत चालली होती. १९७२ साली छापखान्याला आग लागली; तिच्यात बरेचसे जुने छाप जळाले. १९७९ साली केंद्र सरकारने रविवर्मांची मूळ चित्रे राष्ट्रीय ठेवा ठरवून देशाबाहेर नेण्यास बंदी घातली. आगीतून आणि वाळवीतून वाचलेले कागदी छाप मुंबईच्या चोरबाजारात अजून अधूनमधून दिसतात, काहींवर जुन्या जरीचे धागे तसेच चिकटलेले असतात.